स्नो स्कूटर निवडताना सीसी नंतर, आधी बर्फ बघा

जानेवारी आला की बदलापूर-अंबरनाथच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर एक व्हिडिओ हमखास दिसतो. मागे गुलमर्ग नाहीतर सोलंग, अंगावर भाड्याचा जाड कोट, पायात गमबूट आणि बर्फ उडवत जाणारी स्नो स्कूटर. आपला हिवाळा म्हणजे पहाटेच्या कर्जत लोकलला स्वेटर घालायचा की नाही, एवढाच प्रश्न. त्यामुळे ही गाडी बघितली की पहिला प्रश्न येतो, "किती सीसी? स्पीड किती?"

प्रश्न चुकीचा नाही, पण पहिला नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत या गाड्यांच्या धंद्यात मोठी उलथापालथ झालीय आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे बर्फाचा भरवसा राहिलेला नाही. तुम्ही दहा मिनिटांच्या राईडचे पैसे देणार असाल किंवा कॅनडात शिकायला जाऊन तिथे सेकंडहँड गाडी घ्यायच्या विचारात असाल, निवड सुरू होते ती बर्फापासून. कशी, ते बघूया.

आधी गाडी समजून घेऊ

आपण जिला स्नो स्कूटर म्हणतो तिचं नाव स्नोमोबाईल. अमेरिका-कॅनडातले चालवणारे तिला नुसतं 'स्लेड' म्हणतात. पुढे दोन स्की असतात, त्या दिशा देतात. मागे चाकांऐवजी रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक फिरतो आणि गाडी ढकलतो. ट्रॅकवरचे उंचवटे बर्फात रुततात आणि पकड देतात.

गिअर टाकायची भानगड नाही. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये असतो तसाच बेल्ट आणि दोन पुली असलेला सीव्हीटी इथे असतो. अ‍ॅक्सिलरेटर मात्र मनगटाने पिळायचा नाही. उजव्या हाताशी एक छोटी पट्टी असते, ती अंगठ्याने दाबायची. ब्रेक डाव्या हाताला. आपल्या सवयीच्या माणसाची गडबड इथेच होते. घाबरला की तो हँडल गच्च धरतो आणि तेव्हाच अंगठा दाबला जातो. म्हणून बऱ्याच गाड्यांना एक दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या कपड्याला अडकवतात. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. राईडच्या आधी ही दोरी आहे का आणि ती खरंच अडकवलीय का, हे बघा.

कंपन्यांचं काय चाललंय?

कॅनडाच्या बॉम्बार्डिये कंपनीने १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आणली आणि ही गाडी घरोघरी पोचली. पुढे अमेरिकेच्या पोलारिस आणि आर्क्टिक कॅट आणि जपानची यामाहा, अशा चार मोठ्या कंपन्या उरल्या. यामाहा १९६८ पासून या धंद्यात होती. २०२३ मध्ये तिने जाहीर केलं की उत्तर अमेरिकेत २०२५ चं मॉडेल शेवटचं. आर्क्टिक कॅटची मालक टेक्स्ट्रॉन हिने आधी उत्पादन थांबवायची घोषणा केली आणि २०२५ मध्ये कंपनीच विकून टाकली.

"मग इलेक्ट्रिक येईल की!" असं वाटणं साहजिक आहे. मॉन्ट्रियलच्या टायगा या स्टार्टअपने इलेक्ट्रिक स्नोमोबाईल काढली, गाजावाजाही झाला. पण जुलै २०२४ मध्ये तिला धनकोंपासून वाचण्यासाठी कोर्टाचं संरक्षण घ्यावं लागलं, नंतर तिची मालकी बदलली. स्की-डूनेही इलेक्ट्रिक मॉडेल आणली, पण एका चार्जमध्ये साधारण ५० किमीच. पर्यटकांना ठरावीक रस्त्याने फिरवून परत आणायला हे पुरतं, जंगलात दिवसभर भटकायला नाही.

याचा अर्थ गाडी विकत घेणाऱ्यासाठी 'कोणती भारी' याइतकाच 'पाच वर्षांनी पार्ट कोण देणार' हाही प्रश्न आहे.

बर्फ कमी, तर इंजिन गरम

जानेवारी २०२४ मधले गुलमर्गचे फोटो आठवतात? चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस, चालू होते आणि उतारांवर पिवळं गवत दिसत होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून पुढे ढकलावे लागले. ते मार्चमध्ये झाले.

बर्फ कमी असला की नुसता फोटो बिघडत नाही, गाडीही बिघडते. बऱ्याच आधुनिक गाड्या लिक्विड कूल्ड असतात. पण बाईकसारखा मोठा रेडिएटर त्यांना नसतो. ट्रॅकने उडवलेला बर्फ खालच्या कूलरवर आदळतो आणि त्यातून इंजिन थंड होतं. बर्फ पातळ किंवा दगडासारखा टणक असेल तर तो उडतच नाही. मग इंजिन तापतं. ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांनाही बर्फाचंच वंगण लागतं, ते मिळालं नाही की त्या झिजतात, वितळतात. त्यामुळे थोड्या बर्फात साधी फॅन कूल्ड, कमी ताकदीची गाडी जास्त शहाणपणाची. कागदावर तिचे आकडे छोटे दिसतात, पण ती तुम्हाला परत आणते.

उंचीचाही हिशोब आहे. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर. तिथे हवा विरळ, म्हणून टर्बो नसलेलं इंजिन समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास पाव ताकद गमावतं. ब्रोशरमधला आकडा तिथे तेवढा उरत नाही.

फिरायला जाताय? मग ही निवड तुमची

गुलमर्ग-सोलंगला मॉडेल निवडायला मिळत नाही हे खरं. पण कोणत्या गाडीवर, कोणाबरोबर आणि कधी बसायचं हे तुमच्या हातात असतं.

१. ट्रॅक बघा. कडा फाटलेल्या, उंचवटे तुटलेले असतील तर दुसरी गाडी मागा.

२. हेल्मेट मागा. नसेल तर बसू नका. वेगात डोकं आपटलं तर खालचा टणक बर्फ काँक्रीटपेक्षा फार मऊ नसतो.

३. पहिल्यांदा चालवताय तर मोकळ्या, सपाट जागी, चालक मागे बसलेला असताना. उतारावर हँडल त्याच्याकडेच राहू द्या.

४. किती वेळ, किती अंतर आणि कुठपर्यंत, हे पैसे देण्याआधी ठरवा. 'एक राउंड' म्हणजे किती, यावरूनच भांडणं होतात.

५. ताज्या बर्फानंतर लगेच वरच्या उतारांवर जायचा हट्ट धरू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या हिमस्खलनात एका परदेशी स्कीयरचा जीव गेला. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते बातम्यांत येतात. त्या दिवशीचा इशारा फोनवर बघून मगच निघा.

अजून एक. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात आपल्या शेजारच्या डोंबिवलीतले तीन जण गेले. त्यानंतर काश्मीरमधली अनेक ठिकाणं पर्यटकांसाठी बंद झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडली. म्हणून बुकिंग करताना जुन्या रील्सवर जाऊ नका, ठिकाण आज उघडं आहे का ते बघा.

फोनची तयारी

आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. यूपीआयच्या भरवशावर गेलात तर अडकाल. थोडी रोख ठेवा आणि नकाशा आधीच ऑफलाइन डाउनलोड करा.

थंडीत लिथियम बॅटरी झपाट्याने उतरते. आयफोन ० ते ३५ अंशांत वापरावा असं खुद्द अ‍ॅपल सांगतं, बाकी फोनचीही गत फार वेगळी नाही. फोन बाहेरच्या नव्हे, आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. बंद पडला तर घाबरू नका, ऊब मिळाली की बहुतेक वेळा चालू होतो. आणि चालवताना रील नको. ॲक्सिलरेटर उजव्या अंगठ्यावर, ब्रेक डाव्या हातात, मग फोन धरणार कशाने?

कॅनडात असाल तर

आपल्या पट्ट्यातली बरीच मुलं ओंटारिओत शिकायला, नोकरीला गेलीत. तिथे ही गाडी खरोखर विकत घेता येते. पण नियम पक्के आहेत. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्नोमोबाईलचं वेगळं लायसन्स, गाडीची नोंदणी, विमा, हेल्मेट आणि क्लबच्या ट्रेलवर जायचं असेल तर ट्रेल परमिट, हे सगळं लागतं. हा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच बजेट करा.

मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. पहिला, मी चालवणार कुठे? सपाट, तयार ट्रेल असेल तर आखूड ट्रॅक आणि साधारण इंचभर उंचवटे पुरतात. डोंगरातल्या खोल भुसभुशीत बर्फासाठी लांब ट्रॅक आणि अडीच-तीन इंचांचे उंचवटे लागतात. डोंगराची गाडी ट्रेलवर वळायला जड जाते, ट्रेलची गाडी डोंगरात रुतते. दुसरा, मी नवखा आहे का? असाल तर ४० ते ६० हॉर्सपॉवर भरपूर झाली. ८५० सीसीची गाडी पहिल्या हिवाळ्यात घेणं म्हणजे स्कूटी शिकण्याआधी सुपरबाईक घेणं. तिसरा, जवळचा मेकॅनिक कोणत्या कंपनीची गाडी उघडतो? सेकंडहँड यामाहा स्वस्त मिळेल आणि तिची फोर-स्ट्रोक इंजिनं टिकाऊ म्हणून ओळखली जातात. पण कंपनी धंद्यातून बाहेर पडलीय हे लक्षात ठेवून भाव करा.

आणि गोठलेलं तळं दिसलं की शॉर्टकट मारू नका. कॅनडियन रेड क्रॉस स्नोमोबाईलसाठी निदान २५ सेंटिमीटर जाड बर्फ सांगतं. हिवाळे ऊबदार होतायत तशी ही जाडी नुसती बघून ओळखणं अजून अवघड झालंय. रस्ता लांबचा असला तरी काठाने जा.

मग शेवटी काय?

बदलापुरात ही गाडी घेऊन उपयोग नाही, ती डांबरी रस्त्यासाठी बनलेलीच नाही. पण गुलमर्गचा गाडीवाला, ओंटारिओतला विद्यार्थी आणि जपानची मोठी कंपनी या तिघांचाही हिशोब आता एकाच गोष्टीवर येऊन थांबतो, यंदा बर्फ किती पडणार? त्या गाडीवाल्याचा वर्षभराचा संसार या काही आठवड्यांवर चालतो. म्हणून बर्फ पातळ असताना तो "आज गाडी वर नेत नाही" म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याला त्याची गाडी कळते आणि बर्फही कळतो. त्या दिवशी खाली गरम कहवा प्या. स्टेटस दुसऱ्या दिवशी टाकता येईल.