चौदा काठ्यांची मर्यादा

स्पर्धेंत जय मिळविण्यासाठीं साधनांचें साहाय्य किती घ्यावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, त्याशीं आपल्या घरांचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. परंतु साधन कोठें संपतें व कौशल्य कोठें सुरू होतें, याचा सूक्ष्म विचार या खेळाच्या नियमकारांनीं केला आहे. म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याजोगा वाटतो.

खेळ सांगावयास सोपा. काठीनें चेंडू टोलवीत दूरच्या छिद्रांत घालावयाचा. ज्याचे टोले कमी, तो विजयी. त्याचे उपलब्ध लिखित नियमांपैकीं सर्वांत जुने १७४४ सालीं स्कॉटलंडांतील लीथ येथें झाले. ते अवघे तेरा होते. पुढें विसाव्या शतकांत पोलादी दांड्यांच्या काठ्या आल्या आणि प्रत्येक अंतरासाठीं निराळी काठी मिळूं लागली. कांहीं खेळाडू वीस-पंचवीस काठ्या बाळगूं लागले. एकाच काठीनें हलका, मध्यम वा दीर्घ टोला मारण्याचें जें कसब, तें जणूं बाजारांत विकत मिळूं लागलें. तेव्हां अमेरिकेंतील नियामक संस्थेनें १९३८ सालीं व ब्रिटनमधील संस्थेनें १९३९ सालीं चौदा काठ्यांची मर्यादा घातली. ती आजही कायम आहे.

तिचें पालन किती कडक असतें पाहा. २००१ सालच्या ब्रिटिश ओपन स्पर्धेंत, शेवटच्या दिवशीं, वेल्सचा इयन वूस्नम आघाडीच्या खेळाडूंत होता. पहिलें छिद्र उत्तम साधलें. दुसऱ्याच्या आरंभीं त्याच्या साहाय्यकानें सांगितलें कीं, थैलींत पंधरा काठ्या आहेत. जास्तीची काठी वूस्नमनें वापरलीही नव्हती; तरी दोन टोल्यांचा दंड बसला आणि अखेर तो इतरांसमवेत तिसऱ्या स्थानीं राहिला. वापरली नाहीं तर अपराध कसला, असें विचारलें जाईल. उत्तर असें कीं, हेतु डोळ्यांना दिसत नाहीं, काठ्या मात्र मोजतां येतात. प्रत्येक वेळीं मनाचा ठाव घेत बसावें लागलें, तर सरळ मनुष्यासच अधिक त्रास होईल.

यंत्रांविषयींचे नियम याहून सूक्ष्म आहेत. २०१९ सालापासून यंत्रानें अंतर मोजण्यास सामान्यतः मुभा आहे. स्पर्धेचे चालक तीही काढून घेऊं शकतात. मात्र यंत्राकडून चढउताराचें माप घेणें, किंवा कोणती काठी घ्यावी हें विचारणें निषिद्ध होय. टोल्यांच्या गणनेच्या स्पर्धेंत पहिल्या उल्लंघनास दोन टोल्यांचा दंड, दुसऱ्यास स्पर्धेंतून बाद. वाऱ्याची दिशा पाहण्यासाठीं चिमूटभर गवत उडविलें तर चालतें. त्याच कामासाठीं रुमाल वा भुकटी वापरली तर दोष लागतो. प्रथमदर्शनीं हें हास्यास्पद भासतें. परंतु त्यामागें संगति आहे. अंतर ही केवळ माहिती. तिचा, वाऱ्याचा आणि चढाचा मेळ घालून टोला ठरविणें ही खेळाडूच्या बुद्धीची परीक्षा, आणि ती त्यानें स्वतःच दिली पाहिजे.

आज आपल्या मुलांच्या हातीं गणित सोडविणारें, भाषांतर करणारें, निबंधही लिहून देणारें यंत्र आलें आहे. तें सरसकट हिरावून घेणें किंवा सरसकट देऊन टाकणें, हे दोन्ही मार्ग सोपे आहेत. कठीण तें हें कीं, प्रत्येक अभ्यासांत परीक्षा नेमकी कशाची आहे तें आधीं ओळखावें व तेवढा भाग यंत्रापासून राखावा. शब्दाचा अर्थ पाहण्यास यंत्र घेऊं द्यावें. वाक्य मात्र मुलानें रचावें. ही सीमा वडीलमंडळींनीं अभ्यासास बसण्यापूर्वींच सांगून ठेवावी. खेळ अर्धा झाल्यावर केलेला नियम मुलांना अन्यायच वाटतो, आणि तें वाटणें अगदीं अकारण नसतें.