सेटअपवर क्लिक तर सगळेच करतात!

तुमच्या लॅपटॉपवर व्हीएलसी असेल, ऑडॅसिटी असेल, कदाचित लिब्रेऑफिसही असेल. तिन्ही ओपन सोर्स. म्हणजे त्यांचा कोड वाचायचा, बदलायचा आणि बदललेला इतरांना द्यायचा हक्क तुम्हाला आहे. आता खरं सांगा, या हक्काचं आपण काय केलं? डबल क्लिक, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. बस्स!

आपल्या कसमादेत कांदेवाल्या घरातल्या मुलांना हे लगेच पटेल. विकतच्या बियाण्यातून काय निघणार, ते पीक हाती आल्यावरच कळतं. म्हणून कितीतरी शेतकरी डेंगळे लावून घरचं बी धरतात. सोर्समधून सॉफ्टवेअर कंपाइल करणं म्हणजे हे घरचं उळं टाकणं.

मी मास कॉमची, त्यामुळे ऑडॅसिटीचंच उदाहरण देते. 2021 मध्ये म्यूज ग्रुपने ती ताब्यात घेतली आणि वापराची माहिती गोळा करणारी टेलिमेट्री आणायचा प्रस्ताव आला. जगभरातून आरडाओरडा झाला, प्रस्ताव मागे पडला. पण त्या प्रस्तावातच एक गोष्ट होती : जो स्वतः सोर्समधून बांधेल, त्याच्याकडे हा भाग मुळातच बंद राहील. म्हणजे ज्यांना कंपाइल करता येत होतं, त्यांच्या हातात निवड होती. बाकीच्यांनी दुसऱ्यांच्या ओरडण्यावर भरवसा ठेवायचा.

मग आपल्याला का येत नाही? कितीतरी कॉलेजांत सीचं प्रॅक्टिकल अजून टर्बो सी++ च्या निळ्या स्क्रीनवर चालतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं ते सॉफ्टवेअर, आजच्या विंडोजवर डॉसबॉक्समध्ये कोंबून चालवायचं! ‘क्लिअरस्क्रीन’ आणि ‘गेटसीएच’ पाठ होतं, पण खरा प्रोग्राम शेकडो फायलींचा असतो, त्याला बाहेरच्या लायब्ररी जोडाव्या लागतात, हे तीन वर्षांत कुणी दाखवत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सी-सी++ चे मराठी धडे आहेत, छान आहेत, पण ते उबंटूवर. आपल्या हातात विंडोज.

विंडोजवर हे जड जातं, हे मान्य. सोबत कंपायलर येत नाही आणि बरेच प्रकल्प युनिक्सची सवय गृहीत धरून लिहिलेले असतात. ‘डब्ल्यूएसएल वापर’ असा सल्ला मिळतो, पण त्यात नेहमीच्या पद्धतीने बांधलेला प्रोग्राम लिनक्सचा असतो, विंडोजची एक्झी फाइल नव्हे. व्हिज्युअल स्टुडिओची सी++ साधनं काही जीबी खातात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवाल्याने ती कधी उतरवायची? एमएसवायएस2 घ्या. त्यात जीसीसी बऱ्याच कमी डेटात येतं.

आणि सुरुवात ऑडॅसिटीने अजिबात करू नका, हात टेकाल. एसक्यूलाइट घ्या. हा डेटाबेस तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आत्ताही बसलेला आहे. त्याचा जवळपास सगळा कोड एकाच सी फाइलमध्ये गोळा केलेला मिळतो. दोन लाखांहून जास्त ओळी, पण झिप फक्त काही एमबीची! जीसीसीला ती फाइल आणि सोबतची ‘शेल डॉट सी’ द्या, एका ओळीच्या कमांडमध्ये काम होतं. मग ‘शेल डॉट सी’ उघडून सुरुवातीला दिसणारी स्वागताची ओळ शोधा, तिथे स्वतःचं नाव घाला, पुन्हा कंपाइल करा. जगभर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची तुमची आवृत्ती तयार!

सरांना माझं म्हणणं एवढंच आहे, की सहा महिन्यांत एक प्रॅक्टिकल याचं ठेवा. गुण प्रोग्राम चालला म्हणून देऊ नका. कोणती एरर आली आणि ती कशी सोडवली, हे जर्नलमध्ये लिहून घ्या आणि त्याला द्या. ते कॉपी करता येत नाही.

आणि हो, कोडचा फोल्डर थेट सी ड्राइव्हवर ठेवा, छोट्या इंग्रजी नावाचा, मध्ये स्पेस न देता. विंडोजच्या युजर फोल्डरला आडनावासकट मराठीत नाव दिलं असेल, तर अनेक बिल्ड तिथेच अडखळतात.