गृहोपयोगी हुन्नर : मोडलेले प्लॅस्टिक आणि नवा वज्रलेप

मोडलेली वस्तू टाकून देण्यापूर्वी ती एकवार हाती घेऊन उलटसुलट करून पाहण्याची चाल ज्या घरांत अद्याप टिकून आहे, त्या घरांतील मंडळींसाठी हे सदर चालविले आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. ह्या खेपेस प्लॅस्टिकच्या वस्तू एपॉक्सीने सांधण्याचा विषय घेतला आहे. तो घेण्यास कारण मात्र माझे यश नव्हे. माझ्या हातून घडलेला एक प्रमाद आहे, आणि त्याचे प्रायश्चित्त मला न मिळता आमच्या वहिनींस मिळाले, हे प्रथमच सांगून टाकतो.

आमच्या वहिनींनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. खाली पाटावर बसून स्नान करणे त्यांस जमत नाही, म्हणून सूनबाईने त्यांच्यासाठी प्लॅस्टिकचे एक स्टूल आणून ठेवले होते. गेल्या पावसाळ्यात त्याच्या एका पायास वरपासून तीन बोटे लांबीची चीर गेली. नवे स्टूल आणावयास फारसे पैसे पडले नसते. परंतु घरात एपॉक्सीच्या दोन नळ्या पडून होत्या, आणि मास्तरकी सुटली तरी काहीतरी करून दाखविण्याची खोड सुटत नाही. मी चीर पुसली, दोन्ही नळ्यांतील द्रव्य कालवून आत भरले, वरून सुतळी आवळली आणि चोवीस तास वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी तो सांधा नखाने दाबून पाहिला, तो दगडासारखा कठीण! मी स्वतः त्यावर बसलो आणि घरातील सर्वांस बोलावून तेही दाखविले. चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून आवाज आला. स्टुलाचा तोच पाय फाकला होता आणि वहिनी उजव्या हातावर पडल्या होत्या. कऱ्हाडास नेऊन चित्र काढविले, तेव्हा मनगटाचे हाड मोडल्याचे दिसले. पुढे सहा आठवडे हात पट्ट्यात राहिला. ह्या वयात मांडीचे हाड न मोडता मनगटावर निभावले, असे डॉक्टर म्हणाले. तेवढ्याने माझे समाधान व्हावयाचे नव्हते.

त्या संध्याकाळी मी तो मोडलेला पाय घेऊन ओसरीवर बसलो. सांध्यातील एपॉक्सी फुटलेला नव्हता. तो अखंड होता, आणि उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा एका बाजूने सबंध सुटून आला होता. त्याची ती बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. प्लॅस्टिकचा एक कणही तिला लागलेला नव्हता. म्हणजे लेप दुबळा ठरला नव्हता. त्याने मुळी धरलेच नव्हते. मी बसलो तेव्हा स्टूल टिकले ते केवळ सुतळीच्या जोरावर, आणि रोजच्या पाण्याने भिजून ती ढिली होताच खेळ संपला.

लेप करून वस्तू अभंग करण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्यायच लिहिला आहे. कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले, साळईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड ही द्रोणभर पाण्यात उकळून अष्टमांश काढा उरवावा. त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादी द्रव्ये घालून तो तापलेला असतानाच देवालये, मूर्ती, भिंती, विहिरी ह्यांस लावावा, असा त्याचा विधी आहे. हा लेप कोटी वर्षे टिकेल असे आश्वासनही आचार्यांनी देऊन ठेवले आहे! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचे रासायनिक संवर्धन २०१५ साली झाले, तेव्हा हाच जुना शब्द वृत्तपत्रांतून पुनः सर्वांच्या तोंडी आला. मला मात्र त्या अध्यायात मौज वाटते ती निराळीच. लेप कशाकशास लावावा हे आचार्यांनी पाककृतीइतक्याच काळजीने सांगितले आहे. मी पाककृती पाहिली आणि पात्रापात्र विचार सोडून दिला.

एपॉक्सी म्हणजे काय, हे आता थोडक्यात पाहू. १९३८ च्या सुमारास पीएर कास्तां नावाचा एक स्विस रसायनज्ञ दातांच्या कवळ्यांसाठी नवीन द्रव्य शोधीत होता. त्याच्या हाती ही कृत्रिम राळ लागली. पुढे सीबा कंपनीने ते हक्क घेतले आणि १९४६ साली ‘अराल्डाइट’ ह्या नावाने ती बाजारात आणली. तिच्या एका नळीत राळ असते व दुसरीत हार्डनर. राळेच्या अणुसमूहाच्या टोकास दोन कर्बाणू व एक प्राणवायूचा अणू ह्यांचे ताणलेले कडे असते. हार्डनर ते कडे उघडून आपला हात त्यात गुंतवितो, आणि असे असंख्य हात एकमेकांत गुंतून अखेर एक जाळे विणले जाते. ह्यात पाणी उडून जाऊन वाळण्याचा प्रश्नच नाही. लाकडाचा पांढरा सरस वाळतो, एपॉक्सी वाळत नाही, घडतो. म्हणून तो आक्रसतही फारच थोडा.

पुष्कळांस ही क्रिया दुधास विरजण लावण्यासारखी वाटते, आणि उन्हाळ्यात दही लवकर लागते तसा हाही लवकर घट्ट होतो, इतपत साम्य खरे आहे. उष्णता दहा अंशांनी वाढली की ही क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. आपल्या कडेगावच्या वैशाखात कालवलेला गोळा हातातच तापू लागतो. परंतु विरजण चमचाभर पुरते व उरल्या दुधाचे काम तेच करीत राहते; हार्डनर मात्र स्वतः त्या जाळ्यात खर्ची पडतो. म्हणून ‘लवकर व्हावे’ म्हणून तो अधिक घालणारे आणि ‘पुरवून वापरावा’ म्हणून कमी घालणारे, दोघेही चिकट, मऊ लगदा पदरी पाडून घेतात. वेष्टनावर जे प्रमाण छापलेले असेल तेच घ्यावे. घरगुती नळ्यांत ते बहुधा समसमान असते.

आता मुख्य प्रश्न असा की, हे जाळे कशास धरते? इतरत्र जातीची चौकशी आपण जितक्या लवकर सोडू तितके बरे. प्लॅस्टिकच्या बाबतीत मात्र ती केल्यावाचून पाऊल टाकू नये. बादल्या, टमरेले, घागरी, पाण्याच्या टाक्या ह्या पॉलिथिनच्या असतात; खुर्च्या, स्टुले, डब्यांची झाकणे ही बहुधा पॉलिप्रॉपिलिनची. ही दोन्ही द्रव्ये मेणाच्या कुळातील होत. त्यांच्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकला, तर तो अळवावर राहावा तसा गोळा होऊन राहतो, आणि जेथे पाणी पसरत नाही तेथे एपॉक्सीही अंग टाकून बसत नाही. कितीही घासा, वर दिसावयास जोड दिसतो, भार आला की सुटतो. ह्याउलट रेडिओची, घड्याळाची व दूरचित्रवाणीच्या रिमोटची कवचे, शीतपेटीतील पारदर्शक कप्पे, जुन्या बेकेलाइटच्या वस्तू, ॲक्रिलिकच्या पाट्या ह्यांस एपॉक्सी उत्तम धरतो.

ओळखण्याच्या खुणा घरच्या घरी पाहता येतात. वस्तूच्या तळाशी बाणांचा त्रिकोण व त्यात आकडा असतो. कचरा निवडणे सोपे जावे म्हणून १९८८ साली अमेरिकेत ही खूण प्रथम निघाली. २ व ४ हे आकडे पॉलिथिनचे आणि ५ हा पॉलिप्रॉपिलिनचा. ह्यांपैकी काही दिसले तर नळ्या परत कपाटात ठेवाव्या. (माझ्या स्टुलाच्या तळाशी ५ हा आकडा स्पष्ट होता. चष्मा लावून पाहिला असता तर!) आकडा नसेल तर तुटलेला एखादा कपचा साबणाच्या पाण्यात बुडवून, त्यास चिकटलेले बुडबुडे झटकून सोडावा. तरंगला तर तो ह्या दोन मेणकट जातींपैकीच आहे असे समजावे. थर्माकोलसारखी पोकळ, फुगविलेली द्रव्ये अर्थात ह्या परीक्षेतून वगळावी. बुडाला तर बहुधा सांधण्याजोगा. ‘बहुधा’ अशासाठी म्हणतो की, स्वस्त खुर्च्यांत खडूच्या जातीची भुकटी मिसळलेली असते आणि तेवढ्या वजनाने त्यांचा कपचा बुडूही शकतो. तेव्हा तरंगणे हा पुरावा पक्का, बुडणे हा कच्चा.

ताकारी व टेंभूचे पाणी आल्यापासून आपल्या भागात उसात ठिबकच्या नळ्या पसरल्या आहेत. तेथील शेतकऱ्यास हे शास्त्र पुस्तकावाचून ठाऊक आहे. पांढऱ्या पीव्हीसी पाइपास तो ‘सोल्युशन’ लावतो. ते पाइपाचे अंग किंचित विरघळवून दोन्ही टोके एकजीव करते. काळ्या पॉलिथिनच्या ठिबक नळीस मात्र तो काही चिकटवीत बसत नाही, दोन तोंडांचा जॉइनर आत दाबतो. आणि तसलाच जाड पाइप असेल तर टोके तापवून वितळलेली एकमेकांवर दाबतो. त्याच्याकडे चार घटका उभा राहिलो असतो तर वहिनींचा हात वाचला असता. बादली फुटली असता तीही ह्याच न्यायाने त्याच जातीचा तुकडा तापल्या लोखंडाने वितळवून डागता येते. परंतु हे काम उघड्यावर करावे, आणि पीव्हीसीस तर विस्तव दाखवूच नये, त्याचा धूर घशास जाळतो.

सांधण्याजोगी वस्तू निघाल्यावर करावयाचे ते सांगतो. हात पट्ट्यात असताना वहिनींस सोबत होती ती त्यांच्या लहान रेडिओची. तोही पूर्वी फळीवरून पडून कोपऱ्यात फुटलेला होता. तो मागताना मला संकोच वाटला. त्या एवढेच म्हणाल्या, “न्या भाऊजी, ह्याच्यावर कोणाला बसायचे नाही.” आतील घट काढून ठेवले, कपचा पाण्यात सोडला, तो बुडाला, पृष्ठभागावर पाणी बऱ्यापैकी पसरले. मग दोन्ही कडा साबणाने धुऊन पूर्ण वाळविल्या, बारीक पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासल्या व स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या. ह्यानंतर त्यांस बोट लावू नये. बोटाचे तेलही पुरते. राळ व हार्डनर पुठ्ठ्यावर काडीने दोन मिनिटे, रंग एकसारखा होईतो कालवून दोन्ही कडांस पातळ थर दिला. कडा हलक्या हाताने दाबाव्या. फार आवळल्यास सर्व लेप बाहेर येतो. चिकटपट्टीने बांधून चोवीस तास तो रेडिओ देवघराच्या कोनाड्यात ठेवला, कारण आमच्या घरात न हलविली जाणारी जागा तेवढी एकच आहे. नळ्यांची झाकणे अदलाबदल करू नयेत. पुनः उघडणार नाहीत.

सांधा नुसत्या कडेस कड लावून क्वचितच टिकतो. आपल्या गावचे उंच ताबूत सर्वांनी पाहिले आहेत. त्यांचा झगमगाट कागदाचा, पण भार राहतो तो कळकाच्या कामट्यांच्या बांधणीवर. तसेच येथे करावे. फुटीच्या आतल्या अंगास, जेथे दिसणार नाही तेथे, विरळ सुती कापडाची पट्टी एपॉक्सीत भिजवून आडवी बसवावी. चष्म्याच्या दांडीसारख्या बारीक वस्तूस तांब्याच्या तारेचा तुकडा आत घालावा.

हातमोजे घातल्यावाचून हे काम करू नये. बिब्बा उततो म्हणजे काय हे आपल्याकडील वडील स्त्रियांस सांगावयास नको. हार्डनर व कच्ची राळ काहींच्या कातडीस तशीच उततात, आणि एकदा उतली की पुढे अल्प स्पर्शानेही खाज सुटते. योगायोग असा की, बिब्ब्याच्याच कुळातील काजू, त्याच्या टरफलाच्या तेलापासून आज एपॉक्सीचे काही हार्डनर तयार करतात. बिब्बा वज्रलेपात घालणाऱ्या आचार्यांस हे ऐकून नवल वाटले नसते.

काही वस्तू जात योग्य असूनही सांधू नयेत. कुकरची मूठ बेकेलाइटची असते आणि एपॉक्सी तिला छान धरतो. परंतु साठ अंशांच्या पुढे घरगुती एपॉक्सी मऊ पडू लागतो, आणि उकळत्या वरणाचा कुकर उचलताना मूठ हाती राहणे परवडणारे नाही. ती मूठ बाजारात सुटी मिळते, स्क्रूने बसते. विजेची बटणे, मुलांच्या दुधाच्या बाटल्या, शिरस्त्राण आणि ज्यावर मनुष्य बसतो वा ज्याचा आधार घेऊन उठतो अशी कोणतीही वस्तू, ही सर्व ह्याच यादीत घालावी.

रेडिओचा कोपरा आजतागायत शाबूत आहे. न्हाणीघरात सुताराकडून करून घेतलेला सागवानी चौरंग आला आहे. त्याचा एक पाय किंचित डुगडुगतो. परवा मी तो पाहावयास वाकलो, तेव्हा वहिनींनी आतून हाक मारून सुतारास बोलावण्यास सांगितले.