गंजातून बाहेर आलेली ५७ नंबरची गाडी

दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात धाडहून एक पत्र आलंय. धाड म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं. पत्र लिहिणारा मित्र सातवीत आहे. तो लिहितो, ‘काका, आमच्या गोठ्यामागे आजोबांचा तीन चाकी टेम्पो उभा आहे. त्याला इतका गंज लागलाय की बोटानं दाबलं तर पत्र्याचा चुरा होतो. बाबा म्हणतात, भंगारवाल्याला देऊन टाकू. आजोबा काहीच बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवलेही नाहीत. गंजलेली गाडी पुन्हा चांगली होते का?’

होते बरं का! पण कशी होते आणि कशामुळे होते, हे कळायला तुला एका गाडीची गोष्ट ऐकावी लागेल. गाडी जर्मनीची. आणि गंमत म्हणजे तुझ्या आजोबांच्या टेम्पोचं मूळही जर्मनीतलंच! माल वाहणाऱ्या कुठल्याही छोट्या गाडीला आपण ‘टेम्पो’ म्हणतो ना, ते मुळात हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारानं १९५८ साली ‘बजाज टेम्पो’ कंपनी निघाली आणि त्या जर्मन तीनचाकीसारखी गाडी आपल्या महाराष्ट्रात तयार होऊ लागली. नाव गाडीचं होतं, पण ते गावोगावच्या लोकांच्या तोंडी असं बसलं की मराठीच झालं. आज त्या कंपनीचं नाव ‘फोर्स मोटर्स’ आहे.

आता गोष्ट ऐका.

२०१४ साल. जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग भागात एका माणसाच्या कोठारात जुन्या सामानाचा ढीग होता. जुन्या वस्तूंवर कार्यक्रम करणारी टीव्हीची मंडळी तिथं आली होती. त्या ढिगात त्यांना दोन मोडक्या पोर्शे गाड्या दिसल्या. एक सोनेरी, एक लाल. लाल गाडीची दशा तर विचारू नका. पुढचे दोन्ही मडगार्ड गायब, पत्रा जागोजागी खाल्लेला. कोणीही म्हटलं असतं, ‘घाला भंगारात!’

पण त्या मंडळींनी स्टुटगार्टच्या पोर्शे संग्रहालयाला फोन केला. तिथल्या जाणकारांनी गाड्यांचे चेसिस नंबर मागवले आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहिले. लाल गाडीचा नंबर होता ३०००५७. नोंदी पाहिल्या आणि सगळे उडालेच!

का? तर पोर्शेची जगप्रसिद्ध ९११ गाडी जेव्हा १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली, तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मध्ये शून्य असलेले तीन आकडी नंबर आम्ही आमच्या गाड्यांना वापरतो, असं म्हणत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीनं हरकत घेतली. म्हणून १९६४ च्या नोव्हेंबरात शून्याच्या जागी एक आला आणि ९०१ ची ९११ झाली. तोपर्यंत ९०१ या नावाच्या अवघ्या ८२ गाड्या तयार झाल्या होत्या. कोठारातली लाल गाडी त्यांतलीच एक, ऑक्टोबर १९६४ ची! खुद्द संग्रहालयाकडेही अशी गाडी नव्हती. त्यांनी तो गंजका सांगाडा १,०७,००० युरो मोजून विकत घेतला.

या गाडीचं इंजिन मागच्या बाजूला असतं, आणि जुन्या ९११ चं इंजिन पाण्यानं नव्हे, हवेनं थंड होत असे. म्हणजे आपल्या बसस्टँडवरच्या जुन्या रिक्षासारखंच की! फरक एवढाच की रिक्षाला एक सिलिंडर, हिला सहा.

मग सुरू झालं काम. त्याला किती दिवस लागले असतील? तीन वर्षं! आधी गाडी पूर्ण सुटी केली. सांगाडा रसायनात बुडवून जुना रंग काढला, तेव्हा गंजानं आत कुठं कुठं खाल्लंय ते उघडं पडलं. मग नुसत्या पत्र्याच्या कामातच जवळजवळ वर्ष गेलं. पुन्हा गंज चढू नये म्हणून सांगाड्यावर संरक्षक थर चढवला आणि शेवटी पूर्वीचाच लालभडक रंग दिला.

आता नीट लक्ष द्या. त्यांना सगळाच पत्रा नवा घालता आला नसता का? सहज आला असता. कारखाना त्यांचाच! पण त्यांनी नियम ठरवला, की जे जे वाचवता येईल ते वाचवायचं, टाकायचं नाही. जे भाग नव्हतेच, त्यांच्यासाठी त्याच काळातल्या दुसऱ्या एका गाडीचा सांगाडा मिळवला आणि त्याचे तुकडे वापरले. कारण सगळं नवं घातलं, तर गाडी चकाचक दिसेल, पण १९६४ ची राहील का? गंज काढायला हात लागतात. काय काढायचं नाही, हे ठरवायला मात्र डोकं लागतं आणि मायाही लागते. डिसेंबर २०१७ मध्ये ती गाडी संग्रहालयात लोकांपुढे उभी राहिली.

गंज म्हणजे तरी काय? लोखंड, हवेतला प्राणवायू आणि ओलावा हे तिघं एकत्र आले की गंज चढतो. मीठ असलं तर आणखी लवकर. गंज भुसभुशीत असतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. म्हणून तर काम संपलं की शेतकरी वखराच्या पासेला तेल लावून ठेवतो. तेल म्हणजे लोखंडाचा रेनकोटच!

आता धाडच्या मित्रा, तुझ्याकडे येतो. तुझ्या बाबांचं म्हणणं चूक नाही. नवा पत्रा, डेंटिंग-पेंटिंग, इंजिनाचं काम, सगळ्याला पैसा लागतो. आपल्यामागे काही पोर्शेचा कारखाना नाही. टेम्पो रस्त्यावर धावेलच, असं वचन मी देत नाही. पण ती लाल गाडी कशामुळे वाचली, ते आठव. पैसा नंतर आला. आधी वाचवलं ते धातूवर कोरलेल्या नंबरानं आणि कोणीतरी जपून ठेवलेल्या नोंदीनं. नोंद नसती, तर ती लाल गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा ढीग होता.

तेव्हा भंगारवाला येण्याआधी एवढं कर. टेम्पोचा चेसिस नंबर शोध. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घास. आरटीओच्या कामाला असाच प्रिंट घेतात. जुनं आरसी बुक ट्रंकेत असेल, ते शोध. चारही बाजूंनी फोटो काढ. हे करताना मोठं माणूस सोबत हवं आणि हातात जाड मोजे हवेत. पत्रा लागला, तर जखम धुऊन लगेच दवाखान्यात जायचं. मातीतल्या जंतूंमुळे धनुर्वात होऊ शकतो.

आणि मग वही घेऊन आजोबांजवळ बस. टेम्पो कधी घेतला? पैसे कसे जमवले? पहिली खेप कुठली? सैलानीच्या यात्रेला नारळांची पोती नेली होती का? बुलढाण्याच्या बाजाराला काय काय गेलं? ऐन रस्त्यात कधी बंद पडला? सगळं लिही, तारीख टाक, खाली आजोबांची सही घे. ती वही बाबांनाही वाचायला दे. मग तिघांनी मिळून ठरवा. टेम्पो राहिला तर उत्तमच. गेलाच, तर नंबराची पट्टी आणि वही घरात राहू द्या.

बाकीच्या दोस्तांनी करून पाहायचं: तीन सारखे खिळे घ्या. एक कोरड्या ग्लासात, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात ठेवा. आठ दिवस रोज पाहा, वहीत लिहा आणि मला कळवा.

धाडच्या मित्रा, तूही पत्र पाठव. टेम्पोचं काय झालं ते लिही. आणि आजोबा जेवले का, ते आधी लिही.

तुमचा,
गॅरेजकाका