निःशब्द बंदुकीचे खरे श्रेय कोणाचे?

१/ दुसऱ्या महायुद्धातील गुप्त शस्त्रांचा विषय निघाला की ब्रिटिश ‘डी लाइल’ कार्बाइनचे नाव येतेच, आणि पाठोपाठ तिच्या जाडजूड सायलेन्सरचे कौतुक सुरू होते. माझ्या मते हे कौतुक अस्थानी आहे. त्या बंदुकीची खरी कल्पकता तिच्या काडतुसाच्या निवडीत होती.

२/ मित्रहो, बंदुकीचे आवाज मुख्यतः दोन. नळीच्या तोंडाशी उसळणाऱ्या वायूंचा आवाज सायलेन्सर बराच दाबू शकतो. परंतु ध्वनीहून वेगवान गोळी हवा चिरत जाताना जो कडाका उठतो, तो वाटभर गोळीच्या सोबतच असतो. त्यावर सायलेन्सरची मात्रा चालत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. नेहमीच्या .३०३ रायफलची गोळी सुटे ती ७४० मीटरच्या आसपास.

३/ मग वेगच कमी करावा, असे कोणी म्हणेल. सोव्हिएत सैन्याने तेच केले. मोसिन-नागांत रायफलला ‘ब्रामित’ सायलेन्सर लावला (मितिन बंधूंवरून हे नाव) आणि दारू कमी भरलेली, टोकाला हिरवा रंग दिलेली काडतुसे दिली. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते. .३०३ ची ११.३ ग्रॅमची गोळी तीन हजार ज्यूलहून अधिक ऊर्जा घेऊन निघते. तिचाच वेग ३०० मीटरवर आणा, जेमतेम ५०० ज्यूल उरतात. शिवाय मोठ्या पोकळीत थोडी दारू सैल पडून राहते, ती दर वेळी सारखी पेटत नाही आणि नेम बिघडतो.

४/ विल्यम डी लाइल यांनी ही तडजोड टाळली. त्यांनी ली-एनफील्डच्या यंत्रणेला थॉम्प्सनची नळी जोडली आणि मुळातच मंद असलेले .४५ पिस्तुलाचे काडतूस घेतले: गोळी जवळपास १५ ग्रॅमची, ११ मिलिमीटरहून रुंद, वेग सुमारे २५० मीटर. मंद गोळी सहसा फुटत-पसरत नाही. म्हणून तिची रुंदी मोलाची. अर्थात १०० मीटरवर ही गोळी पाऊण मीटर खाली येते, .३०३ ची केवळ १० सेंटीमीटर. पहारेकऱ्यापर्यंत सरपटत जाणाऱ्या कमांडोला तेवढे चालत होते.

५/ १९८० च्या दशकातील सोव्हिएत ९×३९ काडतूस याच विचाराचे. सुमारे १६ ग्रॅमची लांब गोळी, वेग २९० मीटरच्या आसपास, ऊर्जा साडेसहाशे ज्यूलहून अधिक. ‘विंतोरेझ’ रायफल याच काडतुसाभोवती रचली गेली. ज्यांनी ‘ब्रामित’ वापरला, त्यांच्याच देशाने पुढे अर्धवट भरलेल्या काडतुसाचा मार्ग सोडून जड गोळी निवडली, हा मला माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो.

६/ संग्रहालयांत मात्र सायलेन्सर काचेआड आणि काडतूस गैरहजर, असेच चित्र असते. दोन्ही गोळ्या शेजारी मांडल्या, तर लांबलचक फलकाची गरजही उरणार नाही.