धम्म परिषदेपुढे कोणते ठराव ठेवावेत?



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बुद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी आपला निलंगा तालुका हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, राज्यपुनर्रचना अमलात आली आणि निलंगा मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९८२ साली लातूर जिल्हा झाला. तालुक्याचा जिल्हा बदलला, राज्य बदलले. परंतु त्यासाठी आपल्या वाडवडिलांना कोणी विचारले नव्हते. ते बदल वरून आले. धम्मदीक्षा मात्र वरून आली नाही. ती ज्याने त्याने उभे राहून, हात जोडून, स्वतःच्या मुखाने घेतली. आणि तुम्ही, ज्यांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे, तुम्हीही ती तशीच घेतली. दुसऱ्याने ठरवावे आणि आपण मान तुकवावी, या शतकानुशतकांच्या सवयीला त्या दिवशी तुम्ही रजा दिली.

असे असताना, आपल्याच धम्म परिषदांतून ठराव कसे होतात हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? भाषणे संपत आलेली असतात. औराद शहाजानी, कासारशिरसीकडील मंडळी शेवटच्या एस. टी.साठी चुळबुळ करू लागतात. तेवढ्यात एक कार्यकर्ता कागद काढून घाईघाईने दहा ठराव वाचतो, टाळ्या पडतात, आणि ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असे जाहीर होते. ठराव कोणी मांडला, त्याला अनुमोदन कोणी दिले, तो कोणी अमलात आणावयाचा, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारीत नाही. पुढील वर्षी तोच कागद तारीख बदलून पुन्हा वाचला जातो. याला ठराव म्हणावयाचे की आरती म्हणावयाचे?

ही रीत बौद्धांची नव्हे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी साऱ्या देशाला सांगितले की, सभेची शिस्त भारताला परकीयांकडून शिकावी लागली नाही. भिक्खुसंघात बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतांची मोजणी, गुप्त मतदान या सर्वांचे नियम होते. विनयपिटकात आजही ते वाचावयास मिळतात. प्रस्ताव आधी संघापुढे जाहीर करावयाचा. गंभीर विषय असेल तर तीन वेळा विचारावयाचे. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून मते मोजावयाची. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्षापात्र घेऊन हिंडणाऱ्या माणसांनी जी शिस्त पाळली, ती मोटारीतून परिषदेला येणाऱ्या आपल्याला पाळता येऊ नये काय?

निव्वळ ठरावाची किंमत काय असते, हे आपल्या चळवळीला कोणी शिकवावयास नको. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला की, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही त्या तळ्याचे ओंजळभर पाणी अस्पृश्याच्या ओठांना लागण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि तेही बाबासाहेब स्वतः तळ्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल १९३७ साली लागला. आपल्या मराठवाड्यात तर याहून जवळचा दाखला आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्या ठरावापोटी नांदेड-परभणीकडील खेड्यांतून आपल्या वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. ठराव कागदावर होतो. त्याची किंमत पुढे माणसे मोजतात. म्हणून ज्याची किंमत मोजण्याची आपली तयारी नाही असा ठराव करू नये, आणि केला तर मोजावी.

आता परिषदेपुढे कोणते ठराव न्यावेत? बोधगयेचे महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्यावे, हा ठराव आपण अवश्य करावा. १९४९ च्या कायद्याने तेथील व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू बसतात, आणि अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते. जगातील कोणत्या धर्माचे सर्वोच्च श्रद्धास्थान असे अर्धे दुसऱ्याच्या हाती असते? ही मागणी न्याय्यच आहे. परंतु हा ठराव सरकारला उद्देशून आहे. तो करण्यात आपल्याला हात वर करण्यापलीकडे काही करावे लागत नाही. माझे म्हणणे एवढेच की, सरकारला उद्देशून जितके ठराव कराल, तितकेच स्वतःला उद्देशूनही करा.

त्यांतील पहिला आणि सर्वांत अवघड ठराव तुमच्याविषयीचा आहे.

तालुक्यातील एका गावी एका मातंग कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली. विहारात सत्कार झाला, छायाचित्रे निघाली. कुटुंब दर पौर्णिमेला वंदनेला येऊ लागले. जयंतीची वर्गणी त्यांच्याकडून घेतली गेली. परंतु जयंती समितीच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. पुढे त्या गृहस्थांनी उपवर मुलीसाठी एका जुन्या बौद्ध घरी स्थळाची गोष्ट काढली. त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी चहा पाजला, ख्यालीखुशाली विचारली आणि म्हटले, ‘दादा, तुमच्यातलंच एखादं बघा की.’ मी त्या बैठकीत होतो. ‘तुमच्यातलं’ या शब्दाचा अर्थ मला कळला, त्यांनाही कळला. मी काही बोललो नाही. चहाचा पेला खाली ठेवून ते गृहस्थ उठले, आणि पुढच्या पौर्णिमेला ते कुटुंब विहारात दिसले नाही.

बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांपैकी नववी आणि दहावी या समतेच्याच आहेत. सर्व माणसे समान मानीन आणि समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन, असे आपण बोललो आहोत. मग ते उत्तर कोणत्या प्रतिज्ञेत बसते? काही जण सांगतात, ‘आमच्या आजोबांनी प्रत्यक्ष नागपुरात दीक्षा घेतली.’ घेतली असेल, आणि ती अभिमानाची गोष्ट आहे. परंतु दीक्षा हे वतन नव्हे. ती बापाकडून मुलाकडे आणि थोरल्या पातीकडून धाकट्या पातीकडे चालत येत नाही. महारवतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले. ती बेडी ज्यांनी तोडली त्यांच्या नातवंडांनी दीक्षेचेच नवे वतन करावे, याहून मोठी विसंगती कोणती?

भगवान बुद्धांच्या काळी शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनी स्वतःच विनंती केली की, उपालीला आमच्याआधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यकुळाचा अहंकार उतरेल. तोच उपाली पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचा प्रमाणपुरुष ठरला. आपल्याकडे आज उपाली येत आहेत. राजपुत्रांची मात्र वाण आहे.

ही व्याधी वेळीच ओळखली नाही तर काय होते, हे शेजारच्या धर्माकडे पाहून समजून घ्यावे. भारतातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या सभा शिस्तशीर असतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्याच्या प्रांतोप्रांतीच्या धर्मसभांतून धर्मगुरूंच्या बरोबरीने सामान्य सभासदही बसतात. ही पद्धत घेण्यासारखी आहे. परंतु जातीपुढे ठरावांची शिस्तही अपुरी पडते. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १९८२ साली तिरुचिरापल्ली येथे जातिभेदाला ख्रिस्ती धर्मात स्थान नाही असे निःसंदिग्धपणे जाहीर केले. त्यानंतरही तामिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतील भिंत तशीच राहिली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्याच परिषदेला दलितांसाठी स्वतंत्र धोरण काढून, चर्चमध्ये भेदभाव चालू असल्याची कबुली द्यावी लागली. हे मी त्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. कबुली देण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. आपण अद्याप तेही दाखविलेले नाही.

म्हणून ठराव असा मांडावा: ‘ही परिषद ठरविते की, दीक्षा घेतलेल्या प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास दीक्षेच्या दिवसापासून विहाराच्या सभेत समान मत राहील, विहाराच्या कोणत्याही नोंदवहीत पूर्वाश्रमीची जात लिहिली जाणार नाही, आणि परिषदेचे पदाधिकारी आपल्या घरातील विवाहसंबंध ठरविताना पूर्वाश्रमीची जात विचारणार नाहीत.’ शेवटच्या कलमावर कुजबुज होईल. होऊ द्या. जो पदाधिकारी त्याला हात वर करणार नाही, तो कोण हे सभेला कळेल, आणि तेही एक कार्य होईल.

कोणी म्हणेल, ‘घरातील भांडण चव्हाट्यावर कशाला?’ घरातील एका माणसाला उंबऱ्याबाहेर बसविले असेल तर ते भांडण घरातले राहत नाही. आणि चव्हाट्यावर पाण्यासाठी उभे राहूनच आपण माणूस झालो, हे विसरू नये.

दुसरा ठराव जनगणनेचा. २०११ च्या गणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक आणि सबंध देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले. तरीही ‘धर्म बौद्ध लिहिला तर मुलांच्या सवलती जातील’ या भीतीने कित्येक घरे हिंदू म्हणून नोंद करतात. ही भीती एके काळी खरी होती. १९५० च्या आदेशात अनुसूचित जाती मुख्यतः हिंदूंतच मानल्या होत्या. १९५६ साली त्यांत शीख आले आणि १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती दलितांची तीच मागणी अद्याप मान्य झालेली नाही. अनुसूचित जातीच्या माणसाने धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिल्याने त्याचा हक्क आता जात नाही. जात वेगळ्या रकान्यात विचारतात. तेथे ती लिहावी. विहारात जात नको आणि दाखल्यावर हवी, यात विसंगती नाही. दाखल्यावरील जात ही जखमेची नोंद आहे, भरपाई मिळण्यासाठी केलेली. जखम कोणी कपाळी टिळ्यासारखी मिरवीत नाही. २०२७ च्या जनगणनेपूर्वी परिषदेने प्रत्येक गावी दोन सुशिक्षित उपासक-उपासिका नेमून घरोघरी हे समजावून सांगावे.

तिसरा ठराव हिशेबाचा आणि स्त्रियांचा. विहाराची जागा एखाद्याच्या खाजगी नावावर असेल तर ती विश्वस्त संस्थेच्या नावे व्हावी, संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद व्हावी आणि वर्गणीचा हिशेब दर बुद्ध पौर्णिमेला फळ्यावर लागावा. त्या हिशेबाची वही उपासिकांच्या हाती द्यावी व समितीत निम्म्या जागा त्यांना असाव्यात. यात नवे काहीच नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेत आपल्या माताभगिनींनी घटस्फोटाच्या हक्काचा ठराव केला होता. हिंदू विवाह कायदा त्यानंतर तेरा वर्षांनी आला. ज्यांनी देशाच्या आधी विचार केला, त्यांना आज केवळ स्वागतगीतासाठी उभे करणे शोभत नाही.

चौथा ठराव लहान आहे, पण त्यावाचून बाकीचे व्यर्थ आहेत. प्रत्येक ठरावापुढे तो पार पाडणाऱ्याचे नाव आणि मुदत लिहावी, आणि पुढील परिषदेचे पहिले काम मागील ठरावांचे काय झाले हे वाचून दाखविणे हे असावे. भाषणे त्यानंतर.

नवदीक्षित बंधू-भगिनींनो, हे ठराव दुसरा कोणी तुमच्यासाठी मांडील अशी वाट पाहू नका. आपल्या विहाराच्या बैठकीत ठराव लिहून द्या. सूचक म्हणून स्वतःचे नाव घाला, अनुमोदक मिळवा, परिषदेच्या चिटणीसांकडे तो आगाऊ पोहोचवा आणि पोच घ्या. सभेत दुपारीच, लोक बसलेले असताना, ठरावाची वेळ मागा. कोणी म्हणाले की तुम्ही कालच आलात, तर शांतपणे सांगा की धम्मात काल आलेला आणि आज आलेला असे दोन पंक्तिभेद नाहीत. तुमच्यापाशी अक्षर बेताचे असेल तर मुलीकडून लिहून घ्या. ती शाळेत जाते ना? याचसाठी जाते.

आणि जुन्या बौद्ध घरांतील वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ज्या दिवशी असा ठराव पुढे येईल, त्या दिवशी अनुमोदनाला प्रथम तुम्ही उभे राहा. त्या चहाच्या बैठकीत मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याने एक घर विहारापासून तुटले, ही बोच अजून गेलेली नाही. त्या गृहस्थांच्या घरी मी जाऊन आलो, क्षमा मागितली. त्यांनी एवढेच विचारले, ‘साहेब, हे तुम्ही एकट्यानं म्हणता, का सगळ्यांनी ठरवून म्हणता?’

या प्रश्नाचे उत्तर मी एकटा देऊ शकत नाही. ते परिषदेने द्यावयाचे आहे.

जय भीम.