नौदल सोडून गावी परतलेला अध्यक्ष

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी वारले, शंभरी पूर्ण करून. मूळचे ते नौदलातले पाणबुडीवरचे अधिकारी. १९५३ साली वडील गेले आणि नोकरी सोडून ते प्लेन्स या गावी भुईमुगाच्या धंद्यात परतले. पत्नी रोझलिनबाई नाराज. राहायला सरकारी वसाहतीतले घर! पुढे गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनेत जायला नकार दिला म्हणून गिऱ्हाइकांनी बहिष्कार घातला. बहिष्कार काय असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. अध्यक्षपदापेक्षा मला हा नकार मोठा वाटतो.

त्यांच्या आई लिलियन १९६६ साली, ६८ वर्षांच्या असताना, परिचारिका म्हणून विक्रोळीत आल्या होत्या. २००६ साली कार्टर पतिपत्नी लोणावळ्याजवळ गरिबांची घरे बांधायला स्वतः राबले. ७७ वर्षांचा संसार. २०२३ साली रोझलिनबाईंच्या अंत्यविधीला ते चाकांच्या खुर्चीतून आले होते.